काकांचा गुडघा

बुधवार, संध्याकाळ, कुळगाव

आज मी पक्षाचा शहराध्यक्ष झालो, सव्विसाव्या वर्षी. हारतुरे झाल्यावर जाधवकाका पुढे आले आणि चक्क माझ्या पाया पडले. मला पोस्टर चिकटवायला त्यांनीच शिकवलं. खरं तर हे पद त्यांनाच मिळायला हवं होतं. दुखऱ्या गुडघ्यामुळे ते देवळातसुद्धा उभ्यानेच हात जोडतात. आज माझ्यासाठी वाकले.

मी पाय मागे का नाही घेतले? फोटोवाला ओरडला, "दादा, इकडे बघा!" आणि मी बघितलं.

आता तो फोटो ग्रुपवर फिरतोय. माझा हात काकांच्या डोक्यावर आहे, आशीर्वाद दिल्यासारखा. लाज कशी नाही वाटली मला?

आईने फोटो बघून एवढंच विचारलं, "अरे, त्या गुडघ्याने ते उठले कसे? कुणी हात दिला?"

मला माहीत नाही. मी कॅमेऱ्याकडेच बघत होतो.