डावखुऱ्या रेघा

३ मार्च
नणंद आली. दारातूनच भिंतीकडे पाहून म्हणाली, "वहिनी, अजून सारवली नाहीस? आपल्यात चित्र कोण जपतं? वर्ष झालं की सारवायचं, वर नवं काढायचं."
खरं आहे. मी सारवायची, हे काढायचे. जन्मभर तसंच केलं. पण ही त्यांची शेवटची भिंत. ते गेल्यावर हिच्यावर मातीचा हात फिरवायला धीरच होत नाही. मीच पुसू त्यांना?

७ मार्च
वाचनालयातून आमच्या चित्रांवरचं पुस्तक आणलं. अक्षर लावत लावत वाचलं. प्रत्येक चित्राखाली — कलाकार अज्ञात. अज्ञात कसा! मला विचारा की. आमचे हे डावखुरे. रेघ उजवीकडून डावीकडे ओढायचे. बांबूची काडी पिठाच्या पांढऱ्या रंगात बुडवून टेकवली की तिथे रेघ जाड, मग डावीकडे बारीक होत जायची.
"उलटा माणूस," मी चिडवायची.
"म्हणून तर तुझ्याशी पटलं!"

१२ मार्च
लेकीला दूरच्या शाळेतून बोलावणं आलं — भिंती रंगवायला, वर्षभरासाठी. नाही म्हणाली! मी तोंड सोडलं. "घरात काय पुरून ठेवलंयस?"
"तुला एकटीला कशी सोडू?"
"मी काय कुकुलं बाळ आहे?"
कष्टाचा कंटाळा, दुसरं काय.

१३ मार्च
ती बोलत नाही. मीही नाही.

१८ मार्च
नणंदेला दाखवलं — बघ, अख्खा पावसाळा गेला, भिंतीचा कण पडला नाही. त्यांच्या हाताचाच गुण. लेक भांडी घासत होती. मान वर केली नाही.

२१ मार्च
आज ऊन भिंतीवर तिरपं आलं. फेर धरून नाचणारी माणसं जवळून पाहिली. एकाच्या हाताची रेघ डावीकडे जाड. त्याच्या शेजारी नाचणारीचीही. झाडाच्या फांद्या, बैलाची पाठ — सगळं उजव्या हाताचं! पोपडे पडत होते, आणि मी पाण्याला गेले की लेक ते भरून काढत होती. म्हणून घर सोडवत नाही तिला. आणि मी काय काय बोलले!
कोपऱ्यातला मोर तेवढा त्यांचा उरलाय.


२२ मार्च
सकाळीच माती कालवली. सगळी भिंत सारवली. मोरापाशी हात अडला. मग तोही. लेक धावत आली, "आई, काय केलंस हे!" आणि ओल्या भिंतीला हात लावून रडू लागली. म्हटलं, रड, पण पिशवी भरता भरता.