शंभरात सत्तर

१४ ऑक्टोबर, सोमवार

गंजीत हात घालून पाहिला. कोपरापर्यंत. आत गरम नाही. दुपारी पुन्हा घातला — नाही. संध्याकाळी घालायला निघालो तर आई म्हणाली, "आरं, ती काय तापानं फणफणलीय का? सारखं काय बघतुस?"

सोयाबीन कापून, वाळवून गंजी लावली त्याला आज पाच दिवस झाले. वर ताडपत्री आहे, पण ढग आले आहेत. पाणी आत गेलं की शेंगेतच बुरशी धरते. आणि या वेळी माझं सगळंच त्या गंजीत आहे.

नीट लिहून ठेवतो. मोझेस मामा शिर्डीला एका लॉजवर कामाला आहेत. तिथं एक नोव्हेंबरपासून दिवसपाळीला वॉचमन पाहिजे. पप्पांनी मामांना शब्द दिला आहे — आमच्या घरातलं एक माणूस धरा. घरात माणसं तीन. आई जाणार नाही. पप्पा शेत सोडून कुठं जात नाहीत, लग्नाला गेले तरी अक्षता पडायच्या आत परत. म्हणजे मी.

मला जायचं नाही. मला इथंच, पुणतांब्यात, शेती करायची आहे. काल चर्चहून येताना धीर करून बोललो. पप्पा गाडी चालवत होते आणि मी मागे होतो, म्हणून जमलं. तोंड दिसत नव्हतं.

"दोन एकर माझ्यावर सोडा. बियाणं मी घरचं धरतो."

पप्पा म्हणाले, "गेल्या साली धरलं हुतंस की."

धरलं होतं! खताच्या प्लॅस्टिक गोण्यांत भरलं आणि पत्र्याला टेकवून एकावर एक आठ गोण्या रचल्या. जूनमध्ये पेरलं तर शंभरात अडतीस उगवले. दुबार पेरणी करावी लागली. तो अडतीस मला नववीतल्या गणिताच्या मार्कांपेक्षा जास्त छळतो. (गणितात एकतीस होते. तिथंच शाळा सुटली.)

घरी आल्यावर गाडी स्टँडला लावून पप्पा म्हणाले, "शंभरात सत्तर उगवून दाखीव. एक तारखेच्या आत. आले तर वावर तुझं. न्हाई आले तर लॉज."

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मळणी मशीनवाल्या अलीमभाईंना आज तिसरा फोन केला. म्हणाले, "आरं, उद्या सकाळी येतंय. मशीन हाय, नवरी न्हाई पळून जायला."

१६ ऑक्टोबर, बुधवार

मळणी झाली! आजचं आजच लिहितो.

सोयाबीनच्या दाण्याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते. मशीनचा ड्रम जोरात फिरला की ती तडकते. वरून दाणा टकाटक दिसतो, पण आत कोंब मेलेला असतो. म्हणून बियाण्यापुरता ड्रम हळू फिरवायचा — मिनिटाला चारशे फेऱ्यांच्या आत. हे मी अलीमभाईंना सकाळी शांतपणे समजावून सांगितलं.

ते म्हणाले, "मास्तर, चारशेवर फिरवली तर मशीनचा पाळणा हुईल. तू आत झोप, मी गाणं म्हणतो."

मी ऐकलं नाही. पुलीवर खडूची रेघ मारली आणि मोबाईलवर स्लो व्हिडिओ काढून फेरे मोजले. सहाशे दहा! ट्रॅक्टरची रेस कमी करायला लावली. पाचशे चाळीस. अजून कमी. चारशे साठ. अलीमभाईंची माणसं काड टाकायचं सोडून कमरेवर हात ठेवून उभी. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "डाक्टर नाडी बघतोय, थांब जरा."

शेवटी तीनशे नव्वदवर आली. मशीन खरंच पाळण्यासारखी कुरकुरायला लागली. अलीमभाई पप्पांकडे बघून ओरडले, "काकासाहेब, सांगा की तुमच्या पोराला! ह्या चालीनं नाताळ यील!"

मला वाटलं पप्पा आता मला बाजूला काढतात. पप्पा पेंढ्या उचलत होते. ते एवढंच म्हणाले, "सा गोण्या त्याच्या मनानं हू द्या. मग पळवा."

मग गोण्यांचा विषय निघाला. भरलेली गोणी आपटली की आतला दाणा दुखावतो, म्हणून मी म्हणालो, "गोण्या टाकू नका. ठेवा."

अलीमभाई म्हणाले, "का? लेकरू झोपलंय का आत?"

झालं! मग सगळी माणसं ओठांवर बोट ठेवून, टाचा उचलून, दोघं-दोघं मिळून एकेक गोणी आणायला लागली. "शूऽऽ... उठंल!" आई तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसलो असतो, पण पाचवी गोणी आणताना एकाचा पाय घसरला आणि मला घामच फुटला. गोणी पडली नाही. तो पडला, गोणी त्याच्या पोटावर. बियाणं सुखरूप! (त्यालाही काही लागलं नाही. विचारलं.)

बाकीची गंजी नेहमीच्या रेसवर तासाभरात उरकली. नंतर मोजून पाहिलं. जोरातल्या मळणीत शंभरात अकरा दाण्यांची डाळ झाली होती. हळूच्या मळणीत दोन. अलीमभाईंना दाखवलं. त्यांनी मूठ उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हं." एवढंच. पण जाताना पुलीवरची खडूची रेघ पुसली नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कंबर गेली. सहा गोण्या ताडपत्रीवर पसरून दिवसभर पायानं हलवल्या. कोंबड्या हाकलल्या — एकवीस वेळा.

२० ऑक्टोबर, रविवार

दाणा पुरता वाळला की दाताखाली 'कट्' असा वाजतो. ओला असला तर दबतो. आज चर्चला जाताना चार दाणे खिशात घेतले होते. भक्ती संपल्यावर चावणार होतो. राहवलं नाही. पाळकसाहेबांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले, एकदम शांत झालं, आणि माझ्या तोंडात — कट्!

पुढच्या दोन बाकांनी मागे वळून पाहिलं. आईनं मांडीला असा चिमटा काढला की अजून लाल आहे.

पण वाळलं आहे!

२१ ऑक्टोबर, सोमवार

चाचणी लावली. लोक शंभर दाणे घेतात. मी हजार घेतले. शंभरात एखाद्या वेळी नशीब चालतं, हजारात चालत नाही. प्रत्येक गोणीच्या वरून, मधून, तळातून. न निवडता, डोळे मिटून.

खरं तर ओल्या गोणपाटात गुंडाळतात, पण घरातल्या गोणपाटाला औषधाचा वास येत होता. म्हणून आईच्या जुन्या सुती लुगड्याचे दहा तुकडे स्वच्छ धुऊन घेतले. दहा पुरचुंड्या, प्रत्येकीत शंभर. बाहेर कोंबड्या, ओसरीत मुंग्या, म्हणून स्वयंपाकघरात माठाशेजारी पाटीत ठेवल्या. वर चिठ्ठी लावली — "हात लावू नये. मोजणी २६ तारखेला."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

उघडून पाहणार नाही.

पाहिलं. दाणे फुगले आहेत.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मोड आले!! पांढरे, उंदराच्या दातासारखे. किती आले ते मोजलं नाही. म्हणजे दोन पुरचुंड्यांचे मोजले आणि मग स्वतःवरच रागावलो. तारीख लिहिली आहे ना? मग तारखेला मोजायचे.

दुपारी मिरजगावहून गोजर आत्या आली, पप्पांची थोरली बहीण. आत्याला रिकामं बसवत नाही. पाणी पिऊन झाल्याबरोबर तिनं आमचे सगळे डबे घासले. मग घासलेले डबे ज्यात ठेवतो ते फडताळ घासलं. आई म्हणाली, "वन्सं, बसा की जरा." आत्या म्हणाली, "बसायला काय मी पोष्टात नोकरीला हाय का?"

२४ ऑक्टोबर, गुरुवार

शांतपणे लिहितो.

सकाळी बियाण्यासाठी नवीन गोणपाटाची पोती आणायला राहात्याला गेलो. आई-पप्पा वावरात भुसकट भरत होते. घरी आत्या एकटी. दोन वाजता परत आलो तेव्हा सगळे जेवायला बसत होते. मला सपाटून भूक लागली होती. आत्यानं प्रार्थना केली — "हे जे ताटात दिलंस त्याबद्दल उपकार" — आणि मी मनापासून आमेन म्हणालो. भाकरी, कांदा आणि बटाटा घातलेली उसळ. झणझणीत. पप्पांनी दोनदा घेतली. मी तीनदा!

मी म्हणालो, "आत्या, उसळ कशाची गं? वेगळीच लागते. छान."

आत्या म्हणाली, "तुमच्याच घरची हाय की."

तेव्हा माझं लक्ष दोरीकडं गेलं. दोरीवर लुगड्याचे दहा तुकडे ओळीनं वाळत होते.

"आत्या, ही फडकी कुणी धुतली?"

"मीच. चिकाट झाल्ती."

"आणि त्यांच्यात होतं ते?"

"ते व्हय? ते आता तुझ्या पोटात हाय."

मी म्हणालो, "अगं, वर चिठ्ठी होती! हात लावू नये, असं स्पष्ट लिहिलं होतं!"

"मग हात कुठं लावला? पळीनंच ढवळलं की!"

आईनं कपाळावर हात मारला. आत्याला काय झालं ते समजेना. ओल्या फडक्यात बांधून ठेवलेलं, मोड आलेलं कडधान्य स्वयंपाकघरात सापडलं तर बाई उसळच करणार, दुसरं काय करणार? चूक माझी आहे. गोणपाटात ठेवलं असतं तर कुणी शिवलं नसतं. मी स्वच्छतेपायी बुडालो.

पप्पांना ठसका लागला. मग कळलं तो ठसका नव्हता. पप्पा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पाणी पिऊन म्हणाले, "जस्टिन, एक सांगतो. शंभरात शंभर शिजल्यात. एक बी कच्चा न्हाई."

मला हसू आलं नाही. एक तारखेला आठ दिवस उरले. चाचणीला पाच लागतात.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

नवी चाचणी. या वेळी दाणे पप्पांनी स्वतः काढले. मी हजार म्हणालो. पप्पा म्हणाले, "शंभर बास. हजाराची मेजवानी झाली एकदा." त्यांनी चौथ्या गोणीच्या पार तळात हात घातला. तिथं ओल राहिली असेल तर? ओठ चावत उभा राहिलो.

गोणपाट नवीन. वास नाही. तीनदा हुंगलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आत्याला फार वाईट वाटलं आहे. ती मिरजगावला परत जाणार होती, गेली नाही. पाटीशेजारी पाट टाकून, हातात लाटणं घेऊन बसली आहे. मांजर हाकललं. आईला माठातून पाणी घेताना म्हणाली, "लांबून." मी गोणपाटावर पाणी शिंपडायला गेलो तर मलाही — "किती घेतलंय तांब्यात? दाव."

२७ ऑक्टोबर, रविवार

आत्या चर्चला आली नाही! आत्तापर्यंत तापातसुद्धा चुकवलं नाही तिनं. म्हणाली, "पाळकसाहेबांना सांग, गोजरबाई बियानं राखतीय. देवाला कळतं त्यातलं."

२८ ऑक्टोबर, सोमवार

रात्री स्वप्नात अडतीस.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

जेवलो नाही. आत्या म्हणाली, "उसळ करू का?" आणि स्वतःच जीभ चावली. मग मात्र मी हसलो. पोट दुखेपर्यंत.

३० ऑक्टोबर, बुधवार

मोजणी.

अंगणात घोंगडी टाकली. पप्पांनी गोणपाट उलगडलं. अलीमभाई सहज आल्यासारखे आले आणि गेले नाहीत. मी दाणे दहाच्या ओळींत मांडले. नियम सांगितला — मूळ सरळ, जाड आणि दाण्याएवढं तरी लांब असलं तरच धरायचा. वाकडा, तुटका, नुसता फुगलेला बाद.

एक वाकडा होता. मी बाद केला. आत्या भडकली. "आलाय की तो! जरा लाजतोय इतकंच!"

"आत्या, बाद."

"आरं, तुझ्याच बाजूनं बोलतीय, मेल्या!"

अलीमभाई म्हणाले, "मास्तर, हा बघ, ह्याला तर शेपूट बी हाय. घे की." तोही बाद केला. शेपूट काळी पडली होती. पप्पा माझ्या हाताकडं बघत होते. बाद केलेला प्रत्येक दाणा ते उचलून नीट बघायचे आणि परत माझ्याच ढिगात ठेवायचे. बादच्या.

बाद चोवीस.

शहात्तर!

दोनदा मोजले. आत्यानं तिसऱ्यांदा मोजले, तिचे एक्याऐंशी भरले. लाजणारे धरून.

पप्पा घोंगडी झटकत उठले. "वावर तुझं," म्हणाले, आणि हात धुवायला गेले. अलीमभाईंनी पाठीत असा धपाटा घातला की मी बादच्या ढिगात पडलो.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

बियाणं नव्या पोत्यांत भरलं. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर राखून, एकावर एक चारच.

एक गोष्ट मात्र टोचते आहे. उद्या एक तारीख. पप्पांनी मामांना शब्द दिला होता. आता मामांना नाही कोण सांगणार? आईला विचारलं. आई म्हणाली, "झोप जा."

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी हरभरा कधी पेरायचा ते विचारायला गेलो, तर पप्पा ओसरीत वॉचमनच्या निळ्या वर्दीत उभे. आई डबा बांधत होती. म्हणाले, "एक माणूस देतो म्हनालो हुतो, तर निघालोय. हरभऱ्याचं तू ठरीव." कॉलर सरळ करायला गेलो, तर आत टेलरची चिठ्ठी टाचलेली होती. माप घेतल्याची तारीख १७ ऑक्टोबर. मळणीचा दुसरा दिवस. तोवर मी एकही दाणा भिजत घातला नव्हता.