लशीबद्दल माझं संशोधन चालू आहे

९ जानेवारी
चिमणीला आज नऊ महिने पूर्ण झाले. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून फोन आला. गोवराची लस द्यायची आहे, कधी येताय. मी स्वच्छ सांगितलं की या विषयावर माझं संशोधन चालू आहे, पूर्ण झालं की कळवू. पलीकडची मुलगी म्हणाली, बरं सर. ‘सर’ म्हणाली, हे नोंदवून ठेवतो. माणूस ठाम बोलला की आदर आपोआप मिळतो.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला निर्णय सांगितला. म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. लग्नाला पाच वर्षं झाली, पण तिला माझं म्हणणं इतक्या पटकन पटण्याची ही पहिलीच वेळ.

संकल्प : रोज एक तास वाचन. लोळत नाही, टेबलाशी बसून.

११ जानेवारी
वाचन सुरू. व्हिडिओ पाहिला. (वाचनातच धरतो.) दीडच्या स्पीडने लावला, त्यामुळे वेळही वाचला. बोलणारे गृहस्थ आधी फर्निचरच्या धंद्यात होते, म्हणजे औषध कंपन्यांचा दबाव असण्याचा प्रश्नच नाही. मुद्दा बिनतोड. गोवर झालेलं मूल तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? मी डोळे मिटून आठवलं. एकही नाही. मग जो रोग दिसतच नाही त्याच्यासाठी लेकराला टोचायचं कशाला?

१५ जानेवारी
कामावर डोक्याला ताप. आग विझवायच्या सिलिंडरांचं वार्षिक सर्व्हिसिंग होतं, एका ऑफिसात. मॅनेजर म्हणतो, इतक्या वर्षांत इथे साधी काडी पेटली नाही, दरवर्षी पावडर बदलायची ती कशाला. असा धारेवर धरला त्याला. म्हटलं, साहेब, आग लागलेली पाहिली नाही म्हणून सिलिंडर नको, हे लॉजिक कुठल्या शाळेत शिकवतात? लागल्यावर बाजारात जाणार का आणायला? तुमचं एक वेळ जाऊ दे, वरच्या मजल्यावरच्या लोकांचं काय? जिन्यात उभं राहून घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं, तेव्हा कुठे सही केली. लोक इतके अडाणी कसे राहतात कळत नाही.

घरी येऊन फर्निचरवाल्यांच्या व्हिडिओचा दुसरा भाग पाहिला. पहिल्यापेक्षा सरस आहे.

१९ जानेवारी
बायको चिमणीला घेऊन माहेरी चालली. सासूबाईंचं घर नेमकं डॉक्टरीणबाईंच्या गल्लीत. बजावलं, दवाखान्यासमोरून जाऊ नकोस, उगाच गाठतील. ती म्हणाली, नाही जात समोरून.

२० जानेवारी
आल्या दोघी. चिमणीच्या दंडावर बारीक लाल ठिपका. डास, दुसरं काय. सासूबाईंकडे खिडक्यांना जाळ्या नाहीत, मी साखरपुड्यापासून सांगतोय. दंड धरला की चिमणी रडते. डासही बहुधा मोठा असावा.

२७ जानेवारी
चिमणीचं अंग थोडं गरम, पोटावर तुरळक पुरळ. सासुरवाडीचं पाणी बाधलं. बायकोच्या चेहऱ्यावरची रेषाही हलेना. म्हणाली, होतं असं, उतरेल दोन दिवसांत. आईचं काळीज असं दगडाचं कसं? मी मात्र रजा टाकून सूर्यप्रकाश उपचार सुरू केला. सकाळी पोरीला खिडकीत धरून उभं राहायचं. ती सतरांदा शिंकली, मी दोनदा.

२९ जानेवारी
ताप उतरला. सूर्यप्रकाश.

३ फेब्रुवारी
धाकटीचा फोन. धाकटी म्हणजे माझी बहीण. मला विचारल्याशिवाय तिने आजवर फ्रीजसुद्धा घेतलेला नाही. तिचा ढब्बू आमच्या चिमणीहून थोडाच मोठा. गोवराच्या लशीचं वय झालंय, नवरा म्हणतो देऊन टाकू, सासू म्हणते देऊन टाकू, पण तिचं मन मानेना. म्हणाली, दादा, तू एवढं वाचतोस म्हणून विचारते.

अशा वेळी भरून येतं. म्हटलं, घाई करू नकोस, आणि पुरावाच हवा असेल तर आमच्या चिमणीकडे बघ. जन्माच्या वेळी हॉस्पिटलवाल्यांनी न विचारता टोचलं तेवढंच, त्यानंतर माझ्या मुलीच्या अंगाला सुई लागलेली नाही. आणि आहे की नाही ठणठणीत? धाकटी म्हणाली, मग मीपण थांबते.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, दुसऱ्यांच्या मुलांचं आपण कशाला सांगायचं. म्हटलं, दुसऱ्याचा कसा, सख्खा भाचा आहे माझा. ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात चिमणी रडली आणि ती उठून गेली.

१० फेब्रुवारी
‘डोळस पालक’ ग्रुपवर चिमणीचा फोटो टाकला. खाली लिहिलं : हीच माझी प्रयोगशाळा. अंगठ्यांचा पाऊस. अॅडमिनने मला ‘अभ्यासक’ म्हटलं. दोन बायकांनी खाजगीत सल्ला विचारला. दोघींनाही चिमणीचाच फोटो पाठवला.

या विषयावर पुस्तक लिहावं असं मनात आहे. पुठ्ठ्याचा रंग निळा.

१८ फेब्रुवारी
सिलिंडर भिंतीवरून काढताना गंजलेली पट्टी तळहाताला लागली. चांगलं रक्त आलं. गाडी काढली आणि थेट गाठला दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. रांगेत पुढच्या बाईंना विनंती करून नंबरही आधी लावून घेतला. बायकोने विचारलं, हे कसं चाललं? तिला फरक समजावून सांगितला. धनुर्वात खरा असतो.

२ मार्च
सोसायटीच्या मीटिंग रूममध्ये माझं व्याख्यान. ‘लस : एक पुनर्विचार’. खुर्च्या भरपूर मांडल्या होत्या. वॉचमन आला होता, पण त्याला कुलूप लावायचं होतं. एक आजोबा पहिल्या रांगेत बसले आणि बाही वर करून म्हणाले, आधी ब्लडप्रेशर बघा. त्यांना आरोग्य शिबिर वाटलं होतं. निघताना रागावून गेले.

पण धाकटी आली. ढब्बूला मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसली. मान डोलावत होती. एकच श्रोता असावा, पण असा असावा. बायको चिमणीला घेऊन अर्ध्यातच उठली. म्हणाली, डोकं दुखतंय.

१४ मार्च
ढब्बूच्या पाळणाघरात गोवर निघाला. दोन मुलं. धाकटी फोनवर रडत होती. नवरा म्हणतो, आजच्या आज नेऊन लस देऊ. ती म्हणाली, दादा, एकदा शेवटचं सांग, देऊ की नको?

आता आली का पंचाईत. खरं सांगायचं तर मीही घाबरलो, पण ते तिला ऐकवून काय उपयोग? घरातल्या कर्त्या माणसाने असं डळमळून चालत नाही. शिवाय व्याख्यानाला अजून पंधरा दिवस झालेले नाहीत. म्हटलं, घाबरून निर्णय घ्यायचा नसतो, माझं संशोधन अगदी शेवटच्या टप्प्यात आहे, आठवडाभर थांब.  ती म्हणाली, बरं.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, सांगा हो तिला, देऊन टाक म्हणावं. म्हटलं, तुला अचानक काय झालं? ती म्हणाली, काही नाही. मग स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी आपटण्याचा आवाज येत होता. बायकांना विज्ञान समजावणं महाकठीण.

२२ मार्च
धाकटी आणि ढब्बू दिवसभर आमच्याकडे. ढब्बूला सर्दी, डोळे लालसर. हवा बदलतेय. चिमणी आणि तो एकाच ठोकळ्यांच्या डब्यात डोकं घालून बसले होते. त्याने अर्धं चोखलेलं बिस्किट तिने खाल्लं. भावंडांचं प्रेम बघून बरं वाटलं.

२५ मार्च
ढब्बूच्या अंगभर पुरळ, ताप उतरत नाही. गोवरच. फोन धाकटीच्या नवऱ्याचा होता. एरवी दादा-दादा करतो. आज म्हणाला, तुमचं संशोधन पूर्ण झालं का? आणि ठेवला.

चिमणीने ते बिस्किट खाल्लंय. रात्रभर हात लावून तिचं कपाळ बघत होतो.

२६ मार्च
अर्धी रजा. बायकोला सांगितलं की चिमणीला बागेत नेतो. तिला घेऊन दवाखान्याच्या मागच्या दाराने गेलो. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, गोवराची लस द्या, आत्ताच्या आत्ता. आणि हे आपल्या दोघांतच राहू दे, घरी कळता कामा नये. माझ्या भूमिकेबद्दल बायकोचा गैरसमज होईल.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, हिला? अहो, हिला मीच दिली की जानेवारीत. तुमच्या मिसेस आल्या होत्या, आईबरोबर. त्याआधीच्याही सगळ्या वेळच्या वेळी झाल्यात. तुम्हाला माहीत नव्हतं का?

म्हटलं, माहीत होतं. खात्री करायला आलो होतो.

बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. पहिला विचार : फसवणूक, आणि तीही माझ्या घरात, सासूबाईंना सामील करून. दुसरा विचार आला, की त्या बिस्किटाने हिला काही होणार नाही, तेव्हा चिमणीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. घरी जाताना दोनदा चुकीच्या गल्लीत वळलो. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे असेल.

घरी कुणाला काही बोललो नाही. बोलायचं तर आधी बागेची थाप कबूल करावी लागेल.

२८ मार्च
धाकटीचा फोन. आवाज ओळखू येईना. ढब्बूला हॉस्पिटलात ठेवलंय, पाणीसुद्धा पीत नाही म्हणे. मग तिनेच विचारलं, चिमणीला काही झालं नाही ना रे? म्हटलं, नाही. ती म्हणाली, सुटले बाई, मला तिचाच घोर लागला होता. मग म्हणाली, तुझ्या चिमणीची प्रकृतीच मुळात चांगली, दादा. तू म्हणतोस तसंच आहे. माझंच कुठेतरी कमी पडलं असेल, नीट खाऊ घातलं नसेल मी त्याला.

मी म्हटलं, हं.

आणखी काही म्हणायला हवं होतं. पण तिकडून नर्सने हाक मारली असं वाटलं, म्हणून ठेवला.

३१ मार्च
ढब्बूला न्यूमोनिया. ऑक्सिजनवर ठेवलंय. काचेतून पाहिलं. एवढंसं तोंड आणि त्यावर तो मास्क. धाकटीच्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या बुटांकडे पाहिलं.

ग्रुपवर कुणीतरी चिमणीचा फोटो पुन्हा फिरवतंय. खाली आणखी अंगठे. काढून टाका म्हणावं असं वाटलं. पण लगेच कारण विचारतील. सध्या नेटवर्कही बरोबर नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, मला तुम्हाला एक सांगायचंय. तिचे डोळे सुजलेले होते. म्हटलं, आज नको, दमलोय. उद्या. ती म्हणाली, तुम्हाला नाही तर निदान तिला तरी मी सांगायला हवं होतं. म्हटलं, काय ते? आणि पंखा वाढवला.

९ एप्रिल
ढब्बू धोक्यातून बाहेर. मास्क निघाला. जीव भांड्यात पडला. मी कायम म्हणत होतो की पोर काटक आहे.

कानांतून पू येत होता, त्याची तपासणी चालू आहे. होईल बरं.

संकल्प : धाकटीशी बोलायचं. सरळ, मोकळेपणाने, पहिल्यापासून. मुद्दे मनात मांडलेत. एक, त्या वेळी उपलब्ध असलेली माहिती. दोन, माझा हेतू. तीन, चिमणीचं. तीन नंबर आधी घ्यावा की शेवटी, यावर विचार चालू आहे.

१२ एप्रिल
हॉस्पिटलात गेलो. सफरचंदं नेली. गाडीवर सगळं भाषण दोनदा म्हणून पाहिलं, ओघवतं झालं होतं. धाकटी खिडकीशी औषधाच्या बाटल्या लावत होती, पाठमोरी. वाळली आहे. मी तिच्या पाठीकडे पाहिलं आणि पहिलं वाक्यच आठवेना.

ढब्बू पलंगावर जागा होता. वाटलं, आधी याच्यापाशी सुरुवात करावी. वाकलो आणि अगदी हळू त्याच्या कानात सांगितलं, मामाचं चुकलं रे बाळा. चिमणीला लस दिली होती. मला माहीत नव्हतं, पण नंतर कळलं, आणि तरी मी तुझ्या आईला सांगितलं नाही.

त्याने मान वळवली नाही. नखाने चादरीचा दोरा उकरत राहिला. रुसला असेल म्हणून पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्याने.

धाकटीने बाटल्या खाली ठेवल्या. म्हणाली, दादा, त्या कानाने नाही ऐकू येत त्याला आता. डॉक्टर म्हणाले, येणारही नाही. इकडून बोल.

आणि ती पलीकडच्या स्टुलावर येऊन बसली, ढब्बूच्या चांगल्या कानापाशी. म्हणाली, बोल ना. मलाही ऐकू दे.

मी म्हटलं, सफरचंदं धुवून आणतो.

नळ बाहेर, पॅसेजच्या टोकाला होता. सगळी धुतली. मग परत पहिल्यापासून धुतली.