तुम्हाला न विचारता बसवलेला सर्व्हर

बाबा, ऑफिसच्या सर्व्हरवर मी लिनक्स बसवलं. तुम्हाला विचारलं नाही, आणि तुम्ही असतात तरी विचारलं नसतं. तुमचा ड्रॉइंग बोर्ड जिथे होता त्याच कोपऱ्यात ते मशीन आहे. फतेगंजच्या त्या दोन खोल्यांत आपण कारखान्यांच्या पाइपांची ड्रॉइंग करून देतो, तुमच्या वेळी देत होतो तशीच, फक्त आता कागदाच्या गुंडाळ्या नाहीत. सगळं काही त्या एका मशीनच्या पोटात. ते बंद पडलं तर सगळं ऑफिस हातावर हात ठेवून बसतं. म्हणून त्यावर कोणती सिस्टीम चालवायची हे ज्याने ठरवायचं, ऑफिस त्याचं. ते मी ठरवलं.

तुमचा नियम मला पाठ आहे. बिघडल्यावर धावत येणारा माणूस ज्या वस्तूमागे नाही ती वस्तू घ्यायची नाही. आणि तो धावत येईल याची खात्री करून घ्यायची तुमची पद्धत अख्ख्या बडोद्यात आपल्याच घरी होती. झेरॉक्सवाला असो की एसीवाला, पहिलं काम द्यायच्या आधी त्याला दांडिया बाजारात घरी आणायचं आणि पोटभर जेवू घालायचं. "आपल्याकडे जेवलेला माणूस फोन उचलतो," म्हणायचात. सर्व्हर विकणारे भाई पहिल्यांदा आले तो दिवस मला अजून दिसतो. आई सकाळपासून पुरणाच्या मागे लागलेली. तुम्ही दारातच "आवो, आवो, जमीने ज जवानुं" म्हणत जेवूनच जायचा आग्रह करताय, ते पाटावर अवघडून बसलेत, कटाच्या आमटीने त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तरी "सरस छे, बहु सरस छे" चाललंय. बिचाऱ्याला ठसका लागला तरी तुम्ही आणखी एक वाटी वाढायला लावलीत. तुमच्या हिशेबी तो सर्व्हिसचा करार होता.

मग तो मे महिना. भर दुपारी वीज गेली, आली, आणि सर्व्हरचा मदरबोर्ड जळाला. भाई आले. लगेच आले, हे मी कधी नाकारलं नाही. त्यांनी नवा बोर्ड बसवला. पण सिस्टीम विकतची, तिचा परवाना जुन्या बोर्डाशी बांधलेला, नव्या बोर्डावर ती कुणाला आत घेईना. भाई कंपनीचा नंबर लावून बसले आणि फोनमधून नुसतं संगीत वाजत राहिलं. आपली ड्रॉइंग त्याच मशीनच्या डिस्कवर धडधाकट, आणि दार आपल्यालाच बंद. संध्याकाळी ती कंत्राटदाराला द्यायची होती. मी म्हटलं, माझ्याकडे लिनक्सची सीडी आहे, तिच्यावरून मशीन चालू करते आणि फायली काढून घेते, आतलं काही बदलत नाही. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडलात. "फुकट मिळालेली वस्तू माझ्या मशीनला लावायची नाही! उद्या काही गेलं तर कुणाची कॉलर धरू? तू ड्रॉइंग तपास. तुझं काम ते." भाई मान खाली घालून शेजारी उभे होते. त्यांना तुम्ही चकार शब्द बोलला नाहीत. ड्रॉइंग उशिरा गेली आणि तो कंत्राटदार आपल्याकडे पुन्हा फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात धुसफुसत होते तेव्हा आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अगं, जेवू घातलेल्या माणसावर कसं ओरडणार ते? मग उरलीस तू." तिने सहज म्हटलं आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. माझं मात्र डोकं फिरलं ते आजतागायत ताळ्यावर आलेलं नाही. कॉलर धरायला माणूस हवा म्हणून तुम्ही माणसं घरी आणलीत, आणि घरी आणलीत म्हणूनच एकाचीही कॉलर तुम्हाला धरता आली नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. तुम्ही तेवढे थांबला नाहीत.

यंदा जुन्या सिस्टीमला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं, तेव्हा भाई नव्या सिस्टीमचं कोटेशन घेऊन आले. केस पांढरे झालेत त्यांचे. मी लिनक्सचं नाव काढल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"बेन, फ्री छे ए साचुं. पण रविवारे बंद पडशे तो कोण आवशे?"

"हुं आवीश."

"साहेब होत तो ना पाडत."

"साहेब नथी, भाई. हवे मने पूछवानुं."

आता विचारायचं ते मला, हे ऐकून ते हसले, चहा प्यायले आणि कोटेशन घडी करून खिशात घालून गेले.

मी डोळे मिटून उडी मारलेली नाही, बाबा. ऑफिसातली मुलं ज्यांवर ड्रॉइंग काढतात ते कॉम्प्युटर होते तसेच आहेत. सर्व्हरने फायली सांभाळायच्या आणि ज्याला जेवढा हक्क तेवढंच त्याला उघडू द्यायचं, एवढंच काम, आणि ते लिनक्स उत्तम करतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही, तर त्याच्यासाठी वेगळं मशीन ठेवलं, उगाच हट्ट केला नाही. सगळ्यांत नवी आवृत्तीही नाही घेतली, जिला पुढची बरीच वर्षं दुरुस्त्या मिळतील ती घेतली. शिकायला माझे कित्येक रविवार गेले, तेव्हा फुकट तर म्हणूच नका. मग सगळ्यांना उभं करून मी नीट चालणारा सर्व्हर बंद करून त्याच्या डिस्क काढल्या, दुसऱ्याच, जुन्यापान्या मशीनमध्ये घातल्या आणि बटण दाबलं. ते चालू झालं. तू कोण, तुझा परवाना कुठे, काही विचारलं नाही. ड्रॉइंग उघडली. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू आलं, तुमचा रागही आला, दोन्ही एकदमच. आता काही चुकलं तर अकोट्यातल्या माझ्या घरून मीच धावत येणार आणि कॉलर माझीच धरली जाणार. धरू देत. मला भीती वाटते, पण ती तुमच्या ओरडण्याची नाही, हे फार बरं वाटतं.

एक सांगायचं राहिलं. सर्व्हरवर सगळ्यांची खाती मी स्वतः उघडली. ऑफिस सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद, हा नियमही माझाच, आणि तो मी कुणासाठी मोडत नाही. तरी शेवटी एक खातं तुमच्या नावाने उघडलं. त्याला आपलं प्रत्येक ड्रॉइंग दिसतं. बदलता एकही येत नाही. हे पत्र मात्र त्या खात्याला दिसणार नाही अशा फोल्डरमध्ये ठेवते आहे.