आबांना उघडता येईल असा चाकू

हिर्डोशी, ता. ४ जानेवारी १९४३

चि. ज्ञानूभावजी यांस भामावहिनीचे अ. उ. आ. इकडे सर्व खुशाल. तुमच्या दादांचं पलटणीतून पत्र आलं, प्रकृती बरी आहे.

पत्र लिहिण्यास कारण की, आबांचा चाकू आता त्यांच्याच्यानं उघडत नाही. बोटांचे सांधे सुजून बोराएवढे झालेत. काल त्यांनी आमच्याकडे पाठ करून चाकू दातांनी उघडला. मी पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

माघी पौर्णिमेला करडांच्या कानाला आपली सरळ चिरेची खूण करायची आहे. आपली रीत तुम्ही जाणताच. कमरेचा मिटलेला चाकू जो चारचौघांत उघडील, त्याचा वर्षभर कळपात शब्द चालतो. दुसऱ्यानं उघडून दिला तर शब्द त्या दुसऱ्याचा. तुम्ही दोघे भाऊ बाहेर, म्हणून भोंगवलीचे चिमाजीकाका यंदा आपणहून चाकू उघडायला येणार आहेत. आबांनी आता बसून खावं, शेरडं आपण नेऊ आणि अर्धी बाजारात काढू, असा त्यांचा निरोप आहे. लग्न होऊन आले त्या सालापासून मी या शेरडांमागं रानोमाळ हिंडते आहे.

तुम्ही लोखंडी सामानाच्या दुकानात आहात. हलका, सहज उघडणारा चाकू मिळतो का बघा. आबांना इतक्यात कळवू नका, नाहीतर हट्टानं जुनाच धरून बसतील. तब्येतीस जपा, माया आहेच.

तुमची भामावहिनी

पुणे, ता. १३ जानेवारी १९४३

ती. सौ. भामावहिनींस ज्ञानूचा शि. सा. न. वि. वि. तुमचे पत्र वाचल्यापासून डोक्यात दुसरे काही नाही. म्हटले, आधी आबांचा हात कसा ते कळले पाहिजे. म्हणून उजव्या अंगठ्याला आणि दोन बोटांना चिंध्या करकचून बांधल्या, गार पाण्यात हात बुडवला आणि दुकानातला एकेक चाकू उघडायला बसलो. शेठजींनी विचारले की वेड लागले आहे की लग्न ठरले आहे.

पितळी मुठीचा चाकू तराजूत घातला तो नऊ तोळे भरला. तो नुसता धरूनच मनगट दुखते. खटक्याचा चाकू बोट लागताच उघडतो, पण असा उसळतो की हातातून निसटून पायाशी पडला. पाय वाचला, काळजी नसावी. शिंगाच्या मुठीचा फार देखणा, पण त्याच्या पात्याच्या खाचेत नख घालून ओढावे लागते, आणि चिंधीला नख कुठले? लढाईमुळे विलायती माल येत नाही, तरी शोध चालू आहे.

आता तुम्ही एवढे पाहून कळवा. आबांचे नख टिकते का? कोणती बोटे अजून जवळ येतात? चुन्याची डबी कशी उघडतात? तुमच्या पत्राची वाट टपालवाल्यापेक्षा मी जास्त पाहतो आहे.

आपला ज्ञानू

हिर्डोशी, ता. २४ जानेवारी १९४३

चि. ज्ञानूभावजींस अ. उ. आ. तुमच्या प्रश्नांपायी मला बोलणी बसली. जेवताना मी आबांच्या हाताकडं इतकी टक लावून बसले की त्यांनी विचारलं, भाकरीत खडा निघाला का. सासरी येऊन अकरा वर्षं झाली, पण हा हात मी असा कधी पाहिलाच नव्हता.

तर ऐका. अंगठा पुढून वाकत नाही. नख पातळ झालंय, लगेच तुटतं. मधली बोटं करंगळीकडं कलली आहेत. पण अंगठा आणि पहिल्या बोटाची कड यांची चिमूट अजून शाबूत आहे. चुन्याची डबी त्या चिमटीनंच उघडतात, आणि कुणी मदतीला गेलं तर चिडतात. पौर्णिमा जवळ येत चालली, लवकर काय ते करा. जीव लागून राहिला आहे.

तुमची वहिनी

पुणे, ता. ६ फेब्रुवारी १९४३

ती. सौ. वहिनींस शि. सा. न. वि. वि. चिमटीचे लिहिलेत आणि कोडे सुटले. सोबत चाकू पाठवतो. दिसायला अगदी साधा, लाकडी मुठीचा, तीन तोळेही भरत नाही. मिटला तरी पात्याची पाठ मुठीबाहेर राहते. ती चिमटीत धरून ओढली की झाले, नख लागत नाही. उघडल्यावर मुठीच्या तोंडाची कडी फिरवावी, म्हणजे पाते परत मिटत नाही.

एक गोष्ट लपवत नाही. उघडेल याची मी खात्री देतो. पण कान कापायला मूठ आवळावी लागते. चिंध्या बांधून चामड्याचा तुकडा कापू गेलो तर हात घसरला. त्याला चाकू काय करणार? वहिनी, तुम्हीच काही पाहा. मला सुचत नाही.

काळजीत असलेला,
ज्ञानू

हिर्डोशी, ता. २३ फेब्रुवारी १९४३

चि. ज्ञानूभावजींस अ. उ. आ. चाकू पोचला. आबांना सगळं सांगून टाकलं, चिंध्यांचंही. खूप हसले. मग मूठ आवळण्याची तुमची शंका सांगितली, तेव्हा मात्र चाकू मिटून कमरेला खोचला.

पौर्णिमेला सकाळी सगळे जमले. आबांनी कमरेचा चाकू काढला, चिमटीत पातं धरलं आणि उघडला. कडीही फिरवली. काकांनी पहिलं करडू पुढं केलं, पण आबा कापेनात. मी कानाला लावायची हळद घेऊन मागं उभी होते, माझ्याकडं वळले.

“चाकू म्या उघडलाय,” म्हणाले, “तवा कुणाच्या हातात द्यायचा ते बी म्याच ठरवणार. घे, भामा.”

बाईच्या हातानं खूण कधी झाली नाही, असं काका म्हणाले. आबांनी त्यांना एवढंच विचारलं की शेरडं रानातून कुणाच्या हाकेला परत येतात. काकांनी करडू माझ्याकडं वळवलं. आपल्या हातानं कापवणार नाही हे आबांना केव्हाच ठाऊक होतं, भावजी. त्यांना फक्त उघडायचा होता. मी इतके दिवस त्यांचा हात बघत बसले, मनातलं काही दिसलं नाही.

माझी पहिलीच चीर तिरपी गेली. ही आपल्या घराची खूण नव्हे, असं काका लगेच म्हणाले. आबांनी त्या कानावरून आपलं वाकडं बोट फिरवलं आणि उरलेल्या आठांचे कान तस्सेच तिरपे कापायला सांगितले. तेव्हा भावजी, यापुढं आपलं शेरडू कुठं चुकलंमाकलं दिसलं, तर सरळ चीर शोधू नका. आपली खूण तिरपी आहे.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची भामावहिनी