फाइल सुटली, फेकली नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कोर्टात फाइल माझ्या हातून सुटली. फेकली नाही. सुटणे आणि फेकणे यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो न्यायाधीशांना कळेना आणि ज्या टायपिस्टच्या खांद्याला ती लागली त्याला तर मुळीच कळेना. त्याने लेखी तक्रार केली.

संध्याकाळी वकील संघाच्या अध्यक्षांनी बोलावलं. म्हातारा भला आहे, पण अलीकडे कुठलीतरी व्याख्यानं ऐकून येतो. म्हणाला, तक्रार मागे घ्यायला लावतो, पण एका अटीवर. वकिलांसाठी आपण जे समुपदेशन सुरू केलंय तिथे जायचं आणि तिथल्या बाईंचं पत्र आणून द्यायचं. नाहीतर सनद सांभाळ बाबा.

मी म्हटलं, मला काय धाड भरलीय?

तो म्हणाला, तेच विचारून ये.

५ फेब्रुवारी

संकल्प: दोन बैठकांत प्रकरण निकाली काढणे. मुद्दे लिहून काढले. झोप उत्तम. (पहाटे जाग येते, पण ती चांगल्या सवयींत धरतो.) राग प्रसंगानुरूप. कुटुंब सुखी.

हिला शेवटचा मुद्दा वाचून दाखवला. ही म्हणाली, कोणाचं?

८ फेब्रुवारी, शनिवार

बाईंची खोली चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. त्याच्याही वर दातांचा दवाखाना. खोलीत दोन खुर्च्या, एक कुंडी, टिश्यूचा डबा. टेबल नाही. टेबलच नाही तर माणसाने हात आपटायचा कुठे? बाई माझ्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील.

विचारलं, कसे आहात? मी ऑब्जेक्शन घेतलं. प्रश्न मोघम आहे. मग स्वतःच बोलायला लागलो तो वेळ संपेपर्यंत. त्यांना सुई शिरवायला फट ठेवली नाही. शेवटी म्हणाल्या, छान बोलता. थोडक्यात, पहिली फेरी माझी.

गृहपाठ दिला. कोणी काही बोललं की उत्तर देण्याआधी एक लांब श्वास घ्यायचा. किरकोळ काम.

१० फेब्रुवारी

श्वास घेतला. सकाळी हिने विचारलं, बाथरूमचा नळ कोणी उघडा ठेवला? मी छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले, हळूहळू सोडला. डोळे उघडतो तो ही आपल्या भावाला फोन लावतेय. मेहुणा हृदयाचा डॉक्टर. अर्धा दिवस ईसीजीत गेला. हृदय ठणठणीत.

नळ मीच उघडा ठेवला होता, पण तो प्रश्न मागे पडला. उपचाराचा फायदा होतोय म्हणायचं.

१२ फेब्रुवारी

ऑफिसात मृदू बोलायचं ठरवलं. ज्युनियरने अर्ज चुकीच्या कलमाखाली टाइप करून आणला. मी अगदी लोण्यासारख्या आवाजात म्हटलं, एवढं बदलून आणतेस का? पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी दारात येऊन उभी. सर, मला काढून टाकताय का?

मी ओरडलो, मूर्खासारखं बोलू नकोस! तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. माणसं कशावर चालतात हे पुस्तकं वाचून कळत नाही. बाईंना सांगितलं पाहिजे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाहेरच्या बाकावर कोण बसलेला असावा? वीस वर्षं माझ्याविरुद्ध उभा राहणारा, वकिलांत ज्याला सगळे तोफ म्हणतात तो. मी घाईने म्हटलं, दाताला आलोय. तो म्हणाला, मी पण. दोघांनीही गाल धरले. एवढ्यात बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, या, तुमचीच वेळ. तोफ खाली मान घालून आत गेली.

वाईट वाटलं. एवढा धडधाकट माणूस, आतून पार पोखरलेला. माझं वेगळं आहे. मी पत्रासाठी येतो.

माझी पाळी आल्यावर सरळ उलटतपासणीच घेतली. तुम्ही कधी कोर्टात उभ्या राहिला आहात? नाही. कधी निकालाच्या दिवशी अशिलाच्या शेजारी बसला आहात? नाही. मग वकिलाचं दुखणं तुम्हाला काय कळणार?

त्या म्हणाल्या, म्हणजे दुखणं आहे.

प्रश्न मागे घेतला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज बाईंनी विचारलं, फाइल सुटली त्या दिवशी केस कसली होती? म्हटलं, मुलाच्या ताब्याची. नवरा-बायकोचं फाटलं, मूल कोणाकडे राहणार, तसली. त्या म्हणाल्या, त्याआधीची तशी केस? मी म्हटलं, माझी गाडी नो-पार्किंगमध्ये आहे. निघालो. खाली आल्यावर आठवलं, गाडी घरीच आहे, आज टॅक्सीने आलो होतो. चिडचिड झाली. गाडीवर, टॅक्सीवर, बाईंच्या कुंडीवर.

जेवताना मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही हल्ली घास घेता घेता कोणाशी भांडता? ओठ हलत असतात.

म्हटलं, तयारी करतोय.

कसली?

म्हटलं, जेव गपचूप.

१ मार्च, शनिवार

डावपेच बदलला. आत गेल्या गेल्या पत्र मागितलं. वाटलं होतं, बाई घासाघीस करतील. त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. हे गृहस्थ येत होते, एवढंच. मी म्हटलं, पूर्ण बरे झाले असंही लिहा. त्या म्हणाल्या, ते मला कुठे माहीत आहे? तुम्ही अजून काही सांगितलंच नाही.

वर विचारतात, शनिवारची वेळ तुमच्यासाठी ठेवू का? मी म्हटलं, एखाद्या गरजूला द्या. दिलदारपणा माझ्यात पहिल्यापासूनच आहे.

३ मार्च

विजय. अध्यक्षांनी पत्र ठेवून घेतलं, तक्रार मागे. टायपिस्टला भेटून खेद व्यक्त केला. खांद्याबद्दल, फाइलबद्दल नव्हे. तो म्हणाला, जाऊ द्या साहेब, त्या दिवशी तुमचे हात केवढे थरथरत होते.

लोक काहीही बघतात.

१० मार्च

आज पुन्हा मुलाच्या ताब्याचं प्रकरण. ज्युनियरला मुद्दाम शेजारी बसवलं. युक्तिवाद कसा करतात ते बघ म्हटलं. उभा राहिलो. न्यायाधीश म्हणाले, बोला.

मी शेजारी बघितलं.

अशीलबाई पर्स मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही हातांनी धरून. डिसेंबरातल्या तसल्याच केसमधली बाईही अशीच बसायची. निकाल विरुद्ध गेला. व्हरांड्यात तिच्यासमोर बापाने पोराला उचलून नेलं, पोराचा एक बूट तिथेच पडला. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. बूट हातात घेऊन म्हणाली, साहेब, तुम्ही पुष्कळ केलंत. दुपार झाली, आता घरी जाऊन जेवा.

न्यायाधीश परत म्हणाले, बोला. ज्युनियर उठली. सरांना बरं नाही म्हणाली, पुढची तारीख मागून घेतली. एका वाक्यात.

गाडीत येऊन बसलो. काचेवर टकटक झाली. तोफ. दार उघडून शेजारी बसला. मग म्हणाला, मी दोन वर्षं जातोय बाईंकडे. सुरुवातीला मीही भिंतीशी बोलल्यासारखा बोलायचो. फोन लाव.

मला काही झालेलं नाही, असं सांगायला तोंड उघडलं. भलताच आवाज आला. तोफेने बाहेर बघितल्यासारखं केलं.

११ मार्च

फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, तुमची वेळ दुसऱ्या साहेबांना दिली, तुम्हीच म्हणाला होतात ना. आता एकदम एप्रिल. मी म्हटलं, तातडीचं आहे. ती म्हणाली, सर, सगळे वकील तेच म्हणतात. जागा झाली तर कळवते.

मुद्दे होते. एकही मांडला नाही. मिळाली ती तारीख घेतली.

हिला सांगितलं. पत्राचं नाही, बाकीचं. डिसेंबरातलंही. हिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, मी येऊ का बरोबर? म्हटलं, काही गरज नाही, मी काय लहान आहे? ही बरं म्हणून गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली.

मागोमाग गेलो. म्हटलं, आत नको येऊस. खाली थांबशील का?

म्हणाली, थांबेन. ते चिमटे दे इकडे.