ताठ खांदा, ओघळलेला खांदा

३ सप्टेंबर
आज पुन्हा जुंपली! वकीलबाईंना ओव्हरसाइज ब्लेझर हवाय. मी म्हटलं, खांद्याला पॅड नको, खांदा ओघळू दे, कापड अंगावर सैल पडू दे. सासूबाईंनी कात्रीच खाली ठेवली. त्यांचं म्हणणं, ब्लेझर कितीही मोठा असो, खांदा ताठ बसलाच पाहिजे. नाहीतर थोरल्या भावाचा कोट ढापल्यासारखा दिसतो. दुकान त्यांचं, शिवण मला शिकवली त्यांनी. म्हणून गप्प बसले – दहा मिनिटं!

४ सप्टेंबर
तोडगा निघाला. कापड भरपूर आहे. दोघींनी एकेक शिवायचा, वकीलबाई निवडतील. उरलेला दुकानात दर्शनी टांगायचा. नवऱ्याला मत विचारलं तर म्हणाला, तुमच्या मध्ये पडायला मला काय वेड लागलंय. शहाणा आहे.

७ सप्टेंबर
माझा तयार! इतका झकास पडलाय की स्वतःच घालून आरशासमोर तीन फेऱ्या मारल्या. सासूबाईंनी नाक मुरडलं. त्यांचं घोडं मात्र अजून बाह्यांवर अडलंय. मनातल्या मनात हसून घेतलं.

९ सप्टेंबर
जिंकले! चहा पिता पिता सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "तुझंच खरं. यापुढे सगळे ढगळच शिवू." सोळा वर्षांत पहिल्यांदा! कप विसळताना गुणगुणत होते. नवऱ्याला फोन केला, तर त्याला खरंच वाटेना. मलाही कुठे वाटतंय? पण फार बरं वाटलं.

१० सप्टेंबर
उद्या वकीलबाई येणार, म्हणून सासूबाईंचा ब्लेझर इस्त्रीला घेतला. डावी बाही पुढे वळलेली. बाही जोडतात त्या मुंढ्याला जुन्या टाक्यांची भोकं – बाही तीन-चारदा उसवून पुन्हा जोडलेली. ज्या बाईने मला बाही लावायला शिकवलं, तिची बाही! ब्लेझर परत टांगला.

११ सप्टेंबर
सकाळी लवकर दुकान उघडून सासूबाईंना बाहीचं विचारलंच. "दिसत नाही गं मला नीट. ढगळ असलं की चूक लपते." मी बाही उसवली. सासूबाईंनी बोटांनी मुंढा चाचपत जागा सांगितली, मी टाके घातले. खांदा ताठ बसला.